धर्म बदलणं म्हणजे नक्की काय बदलणं? दुसऱ्या टिळकांची गोष्ट

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. निवांत असाल तेव्हा वाचा. आणि कमेंटमध्ये भांडायचं असेल तर पूर्ण वाचून भांडा, एवढीच विनंती.

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पगडी आणि 'केसरी' येतो. पण शाळेत आपण आणखी एका टिळकांची कविता वाचलेली आहे. शिकाऱ्याने मारलेली पक्षीण आणि घरट्यात वाट बघणारी पिल्लं, 'केवढे हे क्रौर्य!'. आमच्या वर्गात ती म्हणताना मागच्या बाकावरची दोन-तीन पोरं खरोखर रडली होती. कवीच्या नावामागे 'रे.' असं लिहिलेलं असायचं. ते रेव्हरंडचं लघुरूप आहे आणि हा पक्षिणीसाठी हळहळणारा कोकणस्थ ब्राह्मण ख्रिस्ती झाला होता, हे मला कळलं ते पत्रकारितेचा डिप्लोमा करताना, वाचनालयात 'स्मृतिचित्रे' हाताला लागलं तेव्हा.

आत्ता हा विषय काढायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने धर्मांतराबाबतच्या कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून शहापूर-मुरबाडच्या चहाच्या टपरीवर, सरपंचांच्या ग्रुपवर, लग्नाच्या मांडवात हाच विषय. कुठल्या पाड्यात किती घरं 'गेली', याची आकडेमोड. दोन्ही बाजूंचे लोक मला बातमीसाठी फोन करतात आणि दोघेही आकडेच सांगतात. माणूस जातो म्हणजे त्याच्या आत काय होतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, ज्यांनी ते सविस्तर लिहून ठेवलंय त्यांच्याकडे जावं.

आणि हे लोक काही लांबचे नाहीत. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. पण प्राथमिक शाळा आपल्या कल्याणची, १८६९ ते १८७३. आई गेली, घर तुटलं आणि पोरगा नाशिकला शिकायला गेला. कल्याणहून नाशिकला जायचं तर रूळ धरा की जुना रस्ता, शहापूर, खर्डी, कसारा आणि थळ घाट चुकत नाही. पुढे त्यांचं सगळं ख्रिस्ती आयुष्य गेलं नगरला. कल्याणहून नगरची वाट मुरबाडवरून, माळशेज चढून. म्हणजे त्यांच्या एका जन्माची वाट शहापुरातून जाते आणि दुसऱ्याची मुरबाडातून. आपण मात्र या रस्त्यांवर खड्डे मोजण्यापलीकडे काही बघत नाही. (खड्डे आहेतच, त्यावर वेगळी पोस्ट.)

नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे त्यांनी संस्कृत काव्य शिकलं, थोडं इंग्रजी झालं. १८८० च्या सुमाराला लग्न झालं, जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी. तीच लक्ष्मीबाई. नवरी अकरा वर्षांची. मग नोकऱ्या. शिक्षक, पुराणिक, छापखान्यात कंपोझिटर. एका गावात टिकायचं नाही, हातात पैसा टिकायचा नाही. नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने 'ऋषी' नावाचं मासिक काढलं, तेही हिंदू धर्माची चर्चा करायला. म्हणजे हा माणूस धर्माबाबत अडाणी होता, कोणीतरी येऊन भुलवला, असं म्हणायची सोय नाही.

१८९३ साली ते राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी भेटला. गप्पा कवितेवरून निघाल्या आणि ख्रिस्तावर आल्या. वॉर्डने बायबल हातात दिलं आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक वाचलं ते टीका करायच्या नजरेने. पण डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, ते अडकलेच. जातीपातीचा त्यांना आधीपासून वीट होता. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देणाराही गोरा साहेब नव्हता, मराठी पाळक होता. नाव काय, तर रेव्हरंड तुकाराम नाथोजी. ज्याला तुकोबाचे अभंग मुखोद्गत त्याच्या डोक्यावर पाणी घालणारा तुकाराम! पुढे टिळक स्वतः म्हणायचे की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामाच्या पुलावरून.

आता हिशोब मांडू. त्यांना मिळालं काय? नगरच्या धर्मशिक्षण शाळेत शिकवायची नोकरी मिळाली, पगार मिळाला, हे खरं आहे. लपवायचं कारण नाही. त्या काळच्या टीकाकारांनीही ते बोलून दाखवलंच. पण गेलं काय? बायको गेली, लहान मुलगा दत्तू गेला, नातेवाईक गेले, जातीने वाळीत टाकलं. एका सकाळी माणूस जिवंतपणीच घरच्यांना मेल्यासारखा झाला. आमिष हा शब्द वापरायचा तर तराजूची दोन्ही पारडी बघायला हवीत.

खरी गोष्ट इथून पुढे आहे आणि ती टिळकांची नाही, लक्ष्मीबाईंची आहे.

लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले. त्यांच्या सासऱ्यांना १८५७ च्या बंडात फाशी झाली, त्या धक्क्याने नाना सोवळ्याच्या मागे लागले. लागले म्हणजे किती, तर घरात येणारी वस्तू, धान्यसुद्धा, धुतल्याशिवाय आत यायची नाही. पोरीबाळींचे हाल. लक्ष्मीबाई हे सगळं इतक्या मिश्कीलपणे सांगतात की हसता हसता आपल्याला कळतच नाही आपण एका आजारी घराबद्दल वाचतोय. तर अशा घरातली मुलगी. तिचा नवरा ख्रिस्ती झाला. नातेवाइकांनी तिला पंढरपूरला नेऊन ठेवलं. तिची अवस्था वेड्यासारखी झाली. नवरा पत्रं लिहायचा, कविता लिहायचा. ती वाचायची आणि रडायची.

टिळकांनी तिला काय सांगितलं? ये, पण धर्म बदल म्हणून नाही. तू तुझ्या धर्मात राहा, मी माझ्या. पुढे ती नगरला आली तरी तिचं पाणी वेगळं, चूल वेगळी. नवरा मिशनमध्ये शिकवतोय आणि बायको त्याच्या सावलीलाही विटाळ मानतेय, असा संसार. लोक दोन्हीकडून हसत होते.

मग एके दिवशी ती स्वतःशीच विचार करत बसली. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांमध्ये गाय-घोडा ओळखू येतात तशी माणसंही नुसती बघून ओळखू आली नसती का? मग हे आपण जे आयुष्यभर धूत बसलो, ते काय धूत होतो? आणि तिने ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं, कुणाच्याही हातचं खायचं. कोणी प्रवचन दिलं नव्हतं. नवऱ्याने विचारलंही नव्हतं. बाप्तिस्मा झाला त्यानंतर, १९०० साली. नवऱ्याच्या मागून तब्बल पाच वर्षांनी.

मी हे पान पाच-सहा वेळा वाचलंय आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडतो. ही बाई धर्मांतरित नक्की कधी झाली? १९०० सालच्या त्या तारखेला? की त्या पाण्याच्या दिवशी? तहसीलदार कचेरीत नोटीस द्यायची म्हटली तर तिने कुठली तारीख घातली असती? आपल्याकडे १९६७ साली ओरिसाने, १९६८ साली मध्य प्रदेशने असे कायदे केले. मध्य प्रदेशच्या कायद्याचं नाव 'धर्म स्वातंत्र्य अधिनियम', म्हणजे स्वातंत्र्याच्या नावाने कचेरीला खबर देण्याची सक्ती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले. आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचा धर्म बदलवण्याचा हक्क नव्हे, असा त्या निकालाचा सूर होता. सक्ती, फसवणूक होऊ नये यावर माझंही दुमत नाही. पण कायद्याला दिसतो तो बदलवणारा. बदलणारा माणूस त्याला दिसतच नाही. आणि बाई असली तर धरूनच चालतात की तिला कोणीतरी फूस लावली असणार. लक्ष्मीबाईंना फूस लावायची ताकद खुद्द त्यांच्या नवऱ्यात नव्हती, बाकीच्यांचं सोडा.

त्याच काळातली दुसरी बाई पंडिता रमाबाई. तिच्यावर दोन परिच्छेद लिहून भागणार नाही, तरी थोडक्यात सांगतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांसमोर उपासमारीने गेली. भाऊ आणि ती पायी देशभर हिंडले. कलकत्त्यात 'पंडिता' म्हणून मान मिळाला, लग्न झालं, नवरा दोन वर्षांच्या आत गेला, पदरात मुलगी. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज, १८८३ मध्ये इंग्लंड आणि तिथेच बाप्तिस्मा. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण पुढची गंमत अशी की ख्रिस्ती झाल्यावर ही बाई तिथल्या धर्मगुरूंचंही ऐकेना. अमुक मत मान्य कर म्हटलं की ती म्हणायची, मला बायबलमध्ये हे दिसत नाही, दाखवा. ब्राह्मण पुरोहितांचं जू मानेवरून काढलं ते तुमचं घालून घ्यायला नाही, असा तिच्या पत्रांचा रोख. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत हवीत, यावरही वाद घातला. शाकाहारी होती, शाकाहारीच राहिली. गोऱ्या नन्स हैराण.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९३ साली मोठं वादळ झालं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, धर्म बदलतात, अशी ओरड झाली. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. इथे मी रमाबाईंची आंधळी बाजू घेणार नाही. संस्था धर्माबाबत तटस्थ राहील असं सांगून उभी केली होती. आपल्या प्रार्थनेची दारं उघडी ठेवायची आणि कोणी आत आलं तर मी बोलावलं नाही म्हणायचं, हे आश्रयाला आलेल्या, जायला दुसरी जागा नसलेल्या पोरींच्या बाबतीत पुरेसं तटस्थ नव्हे. टीका करणाऱ्यांची भाषा विखारी होती, पण प्रश्न अगदीच खोटा नव्हता.

मात्र १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा टीका करणारे आणि ही बाई यांच्यातला फरक उघडा पडला. ती मध्य प्रांतात गेली. उपाशी पोरी, विधवा, टाकून दिलेल्या बायका गोळा केल्या आणि दौंडजवळ केडगावला आपल्या शेतावर आणल्या. शेकडो. स्वतः उपाशी राहिलेलं पोट होतं ते, त्याला दुसऱ्याची भूक कागदावर वाचावी लागत नव्हती. राहायला झोपड्या, पाण्याला विहिरी, मग विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी बोटांनी वाचायची लिपी. त्या जागेचं नाव ठेवलं 'मुक्ती'.

हा शब्द नीट बघा. आपल्या भाषेत मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, देहाच्या पलीकडची गोष्ट. किर्तनात ऐकतो ती. रमाबाईंनी तो शब्द उचलून शेतावर लावला, जिथे सकाळी उठून दळायचं होतं, विहीर खणायची होती, खिळे जुळवून पानं छापायची होती. सारवासारव न करता सांगायचं तर देहाच्या पलीकडचं काही असेल ते या देहाच्या भुकेवरून उडी मारून मिळत नाही, हे तिने बोलून नाही, राबून दाखवलं.

आणि सरकारची भाट होती म्हणावं तर तेही नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात बायकांना इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत कसं वागवतात, त्यांची अब्रू कशी सुरक्षित नाही, हे तिने वर्तमानपत्राला पत्र लिहून जाहीर केलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. ती मागे हटली नाही. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांचा माणूस, हे समीकरण तिला लागू पडत नव्हतं.

आता आपल्याकडे येतो. कातकरी वाड्यांत दिवाळीच्या आधी मुकादम फिरतो. उचल देतो. दहा-वीस हजार, कधी लग्नाला, कधी दवाखान्याला, कधी आधीची उचल फेडायला. मग अख्खं कुटुंब, पोरांसकट, भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर. शाळा सुटते, रेशन सुटतं, पावसाळा लागला की परत यायचं आणि हिशोबात पुन्हा देणं निघतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. या माणसाने रविवारी कोणती प्रार्थना म्हटली यावर आपण सभा घेतो. तो सोमवारी कोणाच्या भट्टीवर बांधला गेलाय, यावर नाही. त्याला आमिष दाखवलं म्हणून जे ओरडतात त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या भट्ट्या आहेत. नावं घेत नाही. त्यांना कळेल.

पण म्हणून दुसऱ्या बाजूलाही मी मोकळं सोडत नाही. प्रार्थनासभांना मी गेलोय, बातमीसाठी. बायका जास्त असतात. एकीला विचारलं, का येता? म्हणाली, "नवऱ्याची दारू सुटली, आणखी काय पाहिजे?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एका ठिकाणी बाहेरून आलेला प्रचारक सांगत होता की वाघोबा सैतान, तुमचे देव सैतान, मूर्ती फेकून द्या. हे ऐकून मात्र राग आला. ज्या लोकांकडे जमिनीचा कागद नाही त्यांच्याकडे वाडवडील आणि वाघोबा एवढंच तर आहे. ते हिसकावून कुठलं स्वातंत्र्य देणार तुम्ही?

टिळक असं वागले नाहीत, म्हणून तर त्यांची आठवण काढली. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी इंग्रजी चालीची भाषांतरित गाणी बाजूला सारली आणि अभंग, पदं, भजनं लिहिली. टाळ-वीणा घेऊन कीर्तनं केली. मराठी चर्चमध्ये आजही 'उपासना संगीत' उघडलं की पानोपानी टिळक. बालकवी ठोंबरे त्यांच्या नगरच्या घरी मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्या हट्टी पोराचे लाड आणि भांडणं दोन्ही लिहून ठेवलीत. बालकवी ख्रिस्ती झाले का? नाही. हिंदूच राहिले आणि त्या घरात दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

१९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनची नोकरीच सोडली. पगार बंद. संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेलेही यावेत आणि न घेतलेलेही. ख्रिस्ताचं प्रेम असलं की झालं. म्हणजे ज्या पाण्यासाठी १८९५ साली घरदार गेलं, ते पाणी ओलांडून दुसऱ्याला आत घ्यायला हा माणूस वीस-बावीस वर्षांनी तयार झाला. मिशनमधल्या सगळ्यांना हे रुचलं नाही, हे वेगळं सांगायला नको. आधी जातीने बाहेर काढलं, मग हे स्वतःहून पगारी चर्चच्या बाहेर पडले. हा दुसरा उंबरठा मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. पहिल्या वेळी पलीकडे कोणीतरी घ्यायला उभं होतं.

संन्यासी नवऱ्याबरोबर पैशाशिवाय संसार कसा होतो, ते लक्ष्मीबाईंनाच विचारा. त्यांनी या प्रकरणात टिळकांची जी खरडपट्टी काढलीय ती मुळातून वाचण्यासारखी आहे.

९ मे १९१९ ला टिळक मुंबईत गेले. आणि जाताना त्यांनी एक गोष्ट मागे ठेवली होती, ती म्हणजे आपल्या देहाचं काय करायचं याची इच्छा. ख्रिस्ती माणसाला पुरतात. शेवटच्या दिवशी मेलेले सदेह उठतील या श्रद्धेशी ते जोडलेलं आहे. टिळकांनी दहन मागितलं. त्याप्रमाणे त्यांना अग्नी दिला आणि रक्षा नगरला नेली. त्या काळच्या ख्रिस्ती समाजात हे किती वेगळं होतं, विचार करा. पुनरुत्थानावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. देव मातीतून उठवू शकतो तर राखेतून का नाही, इतका सरळ तो मामला असावा असं मला वाटतं. शिवाय मराठी माणसाच्या कानाला 'देह चंदनासारखा झिजवला' हीच भाषा कळते. झिजून संपलेल्या चंदनाचं खोड जपून ठेवत नाहीत.

मागे काय राहिलं? 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी घेतलं होतं, जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेली बाई, लग्नानंतर कशीबशी अक्षरं शिकलेली. नवऱ्याच्या धर्मात यायला जिने पाच वर्षं घेतली, तिने नवरा गेल्यावर त्याचं काव्य पुरं करायला सतरा वर्षं दिली. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. 'स्मृतिचित्रे' चार भागांत आलं, त्यातला शेवटचा त्यांच्या मागून, मुलाच्या हातून.

देहाचा विषय निघाला म्हणून एक ताजी गोष्ट. टिळकांना जिकडे जाताना बायबल मिळालं त्या राजनांदगावच्याच राज्यात, छत्तीसगडच्या बस्तरमध्ये, जानेवारी २०२५ मध्ये एक ख्रिस्ती पास्टर वारले. गावाने पुरू दिलं नाही. गावठाणातल्या जागेत नाही, स्वतःच्या शेतातही नाही. मृतदेह तीन आठवडे शवागारात. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एक म्हणाल्या, त्याच्या खासगी शेतात पुरू द्या. दुसरे म्हणाले, ठरवून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच. शेवटी देहाची आणखी हेळसांड नको म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दफनभूमीत नेऊन पुरायचं ठरलं. टिळकांना देहाचं काय करायचं हे स्वतः ठरवता आलं, १९१९ साली, इंग्रजांच्या राज्यात. या माणसाच्या मुलाला ते आपल्या राज्यात ठरवता आलं नाही.

आपल्याकडे असं झालेलं नाही, असं म्हणून छाती फुगवू नका. आपल्याकडे प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. शहापूर आणि मुरबाडच्या कितीतरी वाड्या-पाड्यांना स्मशानभूमीच नाही, किंवा आहे तर शेड नाही, रस्ता नाही. दर पावसाळ्यात आम्ही पत्रकार तोच फोटो छापतो: चितेवर धरलेला प्लास्टिकचा कागद, चार बाजूंनी चार माणसं, खाली ओली लाकडं आणि टायर-डिझेल. नदीला पाणी असलं तर प्रेत खांद्यावर घेऊन पलीकडे. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, वैतरणा ज्या तालुक्यात, तिथे मढ्याला कोरडी जागा नाही. हे सगळे हिंदू म्हणवले जाणारे, कुठेही न 'गेलेले' आदिवासी आहेत.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत धर्मांतराविरोधी ठराव घ्यायचं दोन-तीन गावांत चाललंय, मला निरोप आलेत. घ्या. पण त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर गावातल्या प्रत्येक पाड्याच्या स्मशानाची आणि दफनाची जागा सातबाऱ्यावर कुठे आहे, तिथे जायला वाट आहे का आणि कुठल्याही धर्माच्या मयताला ती खुली आहे का, हा विषय लेखी द्या. सात दिवस आधी ग्रामसेवकाकडे अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. ज्या गावात हा विषय घेतला जाईल तिथे मी स्वतः येतो, बातमी करतो. ज्या गावात नाकारला जाईल तिथेही येतो.